चौथ्या चार्ल्सच्या चार सोयरिकी

तुमचे प्रश्न तीन आहेत. पवित्र रोमन सम्राट चौथा चार्ल्स (बोहेमियाचा राजा, प्रागवाला) याने चार लग्नं केली, म्हणजे हा इंग्लंडच्या आठव्या हेन्रीसारखा प्रकार होता का? मुलाच्या वाग्दत्त वधूशी त्याने स्वतःच लग्न केलं हे खरं का? आणि एवढी मुलंबाळं असताना घराणं दोन पिढ्यांत बुडालं कसं?

पहिल्याचं उत्तर सोपं आहे: नाही. कोणालाही सोडलं नाही, कोणाचं डोकं उडवलं नाही. तिघी त्याच्या आधी वारल्या आणि चौथी त्याच्यामागे चौदा वर्षं जगली. पण बायको गेल्यावर हा माणूस फार दिवस थांबत नसे, आणि पुढची सोयरीक कुठे जुळवायची ते त्या वर्षीचं राजकारण ठरवत असे. म्हणून नावांपेक्षा तारखा बघा.

आधी थोडी वंशावळ. जन्म 14 मे 1316, प्राग. वडील लक्झेंबर्ग घराण्यातले जॉन, आजोबा सम्राट सातवा हेन्री. बोहेमियाचं राज्य मात्र आईकडून आलं. तिथलं जुनं प्रेमिस्ल घराणं 1306 मध्ये ओलोमोउत्सला शेवटच्या राजाचा खून झाल्यावर पुरुष वंशात संपलं, आणि त्याची बहीण एलिश्का ही चार्ल्सची आई. बारशाचं नावही आजोळचंच, वात्स्लाव्ह. सातव्या वर्षी बापाने त्याला पॅरिसला पाठवलं. तिथे त्याची आत्या फ्रान्सची राणी होती, आणि तिच्या यजमानांचं, म्हणजे फ्रान्सच्या चौथ्या चार्ल्सचं, नाव याला मिळालं. (इंटरनेटवरच्या वंशावळींत या दोन चौथ्या चार्ल्सची सरमिसळ सर्रास सापडते. शिवाय बोहेमियाचा राजा म्हणून आपला चार्ल्स 'पहिला' आहे. क्रमांकावर विसंबू नका, सन बघा.)

पॅरिसमध्येच 1323 साली पहिलं लग्न झालं, ब्लांश ऑफ व्हालोआशी. दोघंही सात वर्षांची. हा सगळा बापाचा फ्रान्सशी दोस्तीचा डाव, मुलाला कोण विचारतंय! ब्लांश 1334 मध्ये प्रागला आली आणि तिथली भाषा शिकायला बसली, याची त्या काळच्या इतिवृत्तकाराने मुद्दाम नोंद केली आहे. दोन मुली झाल्या, मार्गारेट आणि कॅथरीन. मुलगा नाही. 1 ऑगस्ट 1348 ला ब्लांश वारली.

आता तारखा बघा. जानेवारी 1349 मध्ये विटल्सबाख या विरोधी जर्मन राजघराण्याच्या गटाने ग्युंथर नावाच्या सरदाराला प्रतिराजा, म्हणजे चार्ल्सच्या विरोधातला राजा, म्हणून निवडलं. मार्चमध्ये चार्ल्सने ऱ्हाइनकाठच्या बाखाराखला लग्न लावलं ते त्याच विटल्सबाखांच्या पॅलेटिनेट शाखेतल्या अ‍ॅनाशी! तिचे वडील रुडॉल्फ सम्राटनिवडीत मत असलेल्यांपैकी. विरोधकांच्या घरातच जावई म्हणून शिरल्यावर ग्युंथरच्या मागे उरलं कोण? मे महिन्यात त्याने हक्क सोडला. ही पहिली अ‍ॅना. तिला 1350 मध्ये मुलगा झाला, नाव अर्थातच वात्स्लाव्ह. तो दोन वर्षांचाही झाला नाही, आणि फेब्रुवारी 1353 मध्ये अ‍ॅनाही गेली.

आता तुमचा दुसरा प्रश्न. होय, खरं आहे, पण ऐकताना वाटतं तेवढं भयंकर नाही. सायलेशियात (आजच्या पोलंडमध्ये) श्वाइडनिट्झ नावाची डची, म्हणजे ड्यूकचं संस्थान, बोहेमियाच्या अंमलाखाली अजून आली नव्हती. तिथला ड्यूक बोल्को निपुत्रिक, आणि वारस त्याची पुतणी, तिचंही नाव अ‍ॅना. ही मुलगी चार्ल्सने आपल्या पाळण्यातल्या मुलासाठी ठरवून ठेवली होती. मुलगा गेला, मागोमाग बायको गेली, तेव्हा 27 मे 1353 ला बुडा इथे चार्ल्स स्वतःच बोहल्यावर चढला. तो 37 वर्षांचा, ती 14 वर्षांची. मधे चार महिनेही नाहीत. 1355 मध्ये रोमला त्याच्याबरोबर तिलाही सम्राज्ञीचा मुकुट मिळाला. 1361 मध्ये न्यूरेंबर्गला तिला मुलगा झाला, पुन्हा वात्स्लाव्हच. हा जगला आणि पुढे राजा झाला. पुढच्याच वर्षी बाळंतपणात अ‍ॅना वारली, जेमतेम तेविशीत.

माझ्या मते चौघींत राजकीयदृष्ट्या सगळ्यात पक्की सोयरीक हीच. फक्त तिचं फळ, म्हणजे ती डची हाती येणं, दोघांपैकी कोणीच पाहिलं नाही. बोल्को 1368 मध्ये वारला, पण त्याच्या विधवेचा हयातभराचा हक्क होता आणि ती चांगली 1392 पर्यंत जगली. चार्ल्स 1378 मध्येच गेला होता.

चौथं लग्न मात्र संकटातून सुटण्यासाठी. 1362 मध्ये हंगेरीचा लुई, पोलंडचा कासिमिर आणि ऑस्ट्रियाचा रुडॉल्फ (हा तर खुद्द चार्ल्सचा जावई, कॅथरीनचा नवरा) त्याच्याविरुद्ध एकत्र आले. चार्ल्स लुईच्या आईबद्दल काहीतरी वावगं बोलला होता, असं सांगतात. ही बाई कासिमिरची सख्खी बहीण. तोड काय काढली? मे 1363 मध्ये क्राकूवला जाऊन कासिमिरच्याच नातीशी, पोमेरेनियाच्या एलिझाबेथशी, लग्न. ती सोळा-एक वर्षांची, हा 47 चा. आघाडी विस्कटली.

ही एलिझाबेथ मला फार आवडते. बेनेश क्राबित्से हा त्या काळचा इतिवृत्तकार लिहितो की ती घोड्याचे नाल नुसत्या हातांनी मोडायची. यात अतिशयोक्ती असेलही, पण बाकीच्या तिघींबद्दल असं काही लिहावंसं कोणाला वाटलं नाही. 1371 मध्ये चार्ल्स मरणाच्या दारात असताना ती कार्लश्टेनच्या किल्ल्यावरून प्रागपर्यंत पायी चालत गेली आणि संत सिगिसमंडच्या कबरीवर तिने नवस फेडला. थोरल्या मुलाचं नावही सिगिसमंडच. प्रागच्या सेंट व्हायटस कॅथीड्रलमध्ये वरच्या सज्जात चार्ल्स आणि चारही राण्यांचे दगडी अर्धपुतळे आहेत. खालून ते नीट दिसत नाहीत, फोटो शोधून बघा. नवरा आणि चारही बायका एका रांगेत, सवतीमत्सराला वाव नाही.

आता घराणं बुडालं कसं. चार्ल्सने मुलांची लग्नंही त्याच हिशेबाने जुळवली. हंगेरीच्या लुईला आधी थोरली मार्गारेट दिलेली. ती चौदाव्या वर्षीच वारली. पुढे लुईला दुसऱ्या बायकोपासून झालेली मुलगी मेरी सिगिसमंडसाठी ठरवली, म्हणजे जावयाचा व्याही झाला. विधवा कॅथरीन ब्रांडेनबुर्गच्या ओटोला दिली आणि 1373 मध्ये त्या जावयाकडून पाच लाख गुल्डनच्या सौद्यात ब्रांडेनबुर्गच घेतलं. एलिझाबेथची मुलगी अ‍ॅन चार्ल्सच्या मागे, 1382 मध्ये, इंग्लंडच्या दुसऱ्या रिचर्डला दिली. तिथे हुंडा राहिला बाजूला, उलट रिचर्डनेच तिच्या भावाला कर्ज दिलं.

नकाशा भरला, पाळणे रिकामे राहिले. वात्स्लाव्हने दोन लग्नं केली, मूल नाही. अ‍ॅन आणि रिचर्डलाही नाही. सिगिसमंडच्या धाकट्या भावाला, योहानला, एकच मुलगी; तिने घराण्याला नाव देणारी लक्झेंबर्गची डचीसुद्धा बर्गंडीच्या ड्यूकला देऊन टाकली. सिगिसमंडने ब्रांडेनबुर्ग 1415 मध्ये होहेनझोलर्न फ्रेडरिकला दिलं. हा फ्रेडरिक म्हणजे सिगिसमंडच्या बहिणीचा दीर. त्याच्याच वंशातून पुढे प्रशियाचे राजे झाले.

सिगिसमंडलाही एकच मुलगी, एलिझाबेथ. ती हॅब्सबुर्ग आल्ब्रेख्टला दिली आणि 1437 मध्ये बाप वारल्यावर हंगेरी आणि बोहेमियाचे मुकुट त्या जावयाकडे गेले. हॅब्सबुर्गांशी वारसाकरार चार्ल्सनेच 1364 मध्ये ब्रनोला केला होता: ज्याचा वंश खुंटेल त्याचं दुसऱ्याला. आपलं खुंटेल असं त्याला वाटलं नसणार. त्याने स्वतःची एक मुलगीही हॅब्सबुर्गांकडे दिली होती, तिसऱ्या आल्ब्रेख्टला. ती निपुत्रिक वारली. सगळं मिळालेला आल्ब्रेख्ट हा त्याच जावयाचा नातू, पण दुसऱ्या बायकोकडून. तेव्हा हॅब्सबुर्गांना हे सगळं 'चार्ल्सच्या लेकीकडून' मिळालं असं कुठे वाचलंत तर ते चूक आहे. मिळालं ते नातीकडून.