‘युरोप परवडत नाही, मग मुलांना परदेश दाखवायचा कसा?’

मेघना आणि प्रसाद जूनमध्ये समुपदेशनासाठी माझ्याकडे आले ते मुलीची तक्रार घेऊन. (दोघांच्या संमतीने लिहिते आहे, नावं आणि काही तपशील बदलले आहेत.) सई चौदा वर्षांची, नववीत. आईशी धड बोलत नाही, जेवणाचं ताट घेऊन खोलीत जाते, काही विचारलं की दार आपटते. अभ्यासाचा ताण असेल असं दोघांनाही वाटत होतं. अर्ध्या तासाने मूळ विषय निघाला. मे महिन्यात मेघनाची जाऊ सहकुटुंब पॅरिस आणि स्वित्झर्लंड करून आली होती. घरच्या ग्रुपवर रोज बर्फातले फोटो पडत होते. त्यातच एकदा सई म्हणाली, “वर्गात मी एकटीच उरलेय फॉरेनला न गेलेली.” त्या रात्री नवरा-बायकोचं कडाक्याचं भांडण झालं आणि ते मुलीने ऐकलं.

प्रसाद एका सहकारी बँकेत, मेघना खासगी शाळेत शिक्षिका. नाशिकमधल्या फ्लॅटचा हप्ता चालू आहे. घरात सई, दहा वर्षांचा ओम आणि सत्तरीच्या सासूबाई. सहलीसाठी म्हणून साठवलेले अडीच लाख होते. मेघनाने आणलेल्या युरोपच्या पत्रकाप्रमाणे पाच जणांचा खर्च दहा लाखांपलीकडे जात होता. उरलेल्या रकमेसाठी तिने पर्सनल लोनची चौकशीही करून ठेवली होती. “आता नाही तर कधी, मॅडम? पुढच्या वर्षी सईची दहावी, मग बारावी, मग ती हॉस्टेलला. मुलांच्या आठवणीत काय राहणार, हप्ते?”

हा प्रश्न माझ्याकडे हल्ली वारंवार येतो आणि तो विचारणारे आईवडील उधळे नसतात. मुलांचं बालपण हातातून निसटतंय ही भीती खरी असते. म्हणून “अंथरूण पाहून पाय पसरा” एवढं सांगून त्यांना परत पाठवणं मला पटत नाही. मात्र सहलीसाठी कर्ज काढू नका, हे मी स्पष्ट सांगते. घराच्या हप्त्यातून घर उभं राहतं. सहलीचा हप्ता दर महिन्याला तेच भांडण पुन्हा घरात घेऊन येतो, आणि ज्या मुलांसाठी हे सगळं केलं त्यांनाच ते ऐकावं लागतं.

पुढच्या भेटीला मी सगळ्यांना बोलावलं, आजींनाही. ठिकाणांबद्दल अवाक्षर काढायचं नाही असं आधीच ठरवलं होतं. प्रत्येकाला कोरा कागद दिला आणि विचारलं, आजवरच्या कुठल्याही सहलीतलं तुम्हाला सगळ्यांत आधी काय आठवतं? एकमेकांचं बघायचं नाही.

ओमने लिहिलं, हर्णैच्या बंदरावरचा मासळीचा लिलाव. सईने लिहिलं, तारकर्लीला रात्रभर वीज गेली होती तेव्हा बाबा अंगणात आमच्याबरोबर पहाटेपर्यंत पत्ते खेळले. आजींना आठवली पंढरपूरची चंद्रभागा. प्रसादने मुरुडच्या किनाऱ्यावरची सायकल लिहिली. मेघनाचा कागद कोराच राहिला. बराच वेळ ती पेन हातात धरून बसली होती. मग म्हणाली, “मला बॅगा आठवतात. कोणाचे कपडे ओले, कोणाला उलटी होते, आईंना तिखट चालत नाही, ओमच्या गोळ्या कुठे ठेवल्या. हर्णैला लिलाव झाला तेव्हा मी खोलीवर खिचडी लावत होते.”

खोलीत कोणी बोललं नाही. सईने आईकडे पाहिलं. मला वाटतं, खूप दिवसांनी तिने आईकडे नीट पाहिलं असावं.

मग मी मेघनाला विचारलं, युरोपच्या त्या पत्रकातलं नेमकं काय आवडलं होतं? तिने पत्रक उघडलं आणि आयफेल टॉवरवर नाही, तर खालच्या बारीक ओळींवर बोट ठेवलं: नाश्ता, दुपारचं जेवण, रात्रीचं जेवण, सोबत मराठी टूर मॅनेजर. “सकाळी उठायचं आणि ताट समोर येतं.” म्हणजे तिला हवी होती विश्रांती. ती मागायला संकोच वाटत होता म्हणून त्या विश्रांतीला स्वित्झर्लंडचं नाव मिळालं होतं. सईला वर्गात सांगण्यासारखं काहीतरी हवं होतं, पण त्याहून जास्त बाबा हवे होते, फोन बाजूला ठेवलेले.

नेदरलँड्समध्ये दीड हजारांवर लोकांचा एक अभ्यास झाला होता, 2010 साली प्रसिद्ध झाला. सहलीला जाणारी माणसं निघण्याआधीच्या काळात इतरांपेक्षा जास्त आनंदी होती. परतल्यावर मात्र जाऊन आलेल्यांत आणि न गेलेल्यांत फारसा फरक उरला नव्हता. अपवाद एकच गट, ज्यांची सहल अगदी निवांत झाली होती त्यांचा. त्यांचा आनंद घरी आल्यावरही काही आठवडे टिकला. मी हा अभ्यास पुष्कळ कुटुंबांना सांगते, कारण त्यातून दोन कामाच्या गोष्टी निघतात. वाट पाहण्याचा आनंद फुकट मिळतो, तर तो सगळ्यांनी मिळून भरपूर घ्यावा. आणि सहल दमवणारी असेल तर देश कितीही महागडा निवडला तरी उपयोग नाही.

यानंतर ठिकाणांचा विषय काढला. आजींच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर दिवाळीच्या सुट्टीत निघायचं होतं. हिशेब प्रसादने मांडला, मुलांना शेजारी बसवून. असा हिशेब मुलांपासून लपवू नये असं माझं ठाम मत आहे. नववीतल्या मुलीला “परवडत नाही” हे उत्तर अपमानासारखं लागतं. तीच मुलगी आकडे समोर आले की स्वतः वजाबाकी करते.

ओमला भूतान हवं होतं. तिथे भारतीय पर्यटकांना माणशी दर रात्री 1200 रुपये सरकारी शुल्क आहे, सहा ते बारा वयाच्या मुलांना निम्मं. या घराला रात्रीचे 5400, म्हणजे सहा रात्रींचे 32,400 रुपये, हॉटेल आणि गाडी सोडून. सईचं व्हिएतनाम होतं. तिथला ई-व्हिसा 25 डॉलरचा, पण विमानाची पाच तिकिटं बजेटचा मोठा घास घेत होती. शिवाय दिवाळीच्या सुमारास मध्य व्हिएतनाममध्ये, दा नांग आणि होई आनकडे, जोराचा पाऊस असतो, हे तिनेच शोधून काढलं.

नेपाळचं नाव आजींनी घेतलं. त्यांना पशुपतिनाथ करायचा होता. सई फुरंगटली: “नेपाळ म्हणजे काय फॉरेन!” मी तिला समजावत बसले नाही. नेपाळमध्ये तुला करावंसं वाटेल असं काही सापडतं का बघ आणि नाही सापडलं तर तसं सांग, एवढंच म्हटलं. आठवड्याने ती पोखरा शहराजवळच्या सारंगकोट टेकडीवरच्या पॅराग्लायडिंगची माहिती घेऊन आली. पोखराच्या डोक्यावर दिसणाऱ्या माछापुच्छ्रे शिखराची उंची 6993 मीटर आहे आणि ते पवित्र मानतात म्हणून त्यावर चढाईला परवानगी नाही, हे तिने आजींना सांगितलं. ओमला चितवन राष्ट्रीय उद्यानातले एकशिंगी गेंडे मिळाले. 2021 च्या गणनेत तिथे 694 गेंडे मोजले होते. प्रसादला लुंबिनीचा अशोकस्तंभ पाहायचा होता.

मेघनाने काय निवडलं? एक आख्खा दिवस, ज्यात काहीच ठरलेलं नसेल. तो दिवस आम्ही आधी लिहिला आणि मग बाकीचे त्याभोवती बसवले.

कामं वाटून दिली तीही कागदावर. ज्याची बॅग त्याने भरायची, ओमनेसुद्धा. औषधं, पैसे, कागदपत्रं प्रसादकडे. खाण्याची काळजी कोणीच करायची नाही. नेपाळमध्ये डाळ-भात-भाजी कुठेही मिळते आणि भात-डाळ पुन्हा वाढतात, त्यामुळे घरून डबे न्यायचे नाहीत. आजींनी चिवड्याचा डबा नेलाच. त्याला माझी हरकत नव्हती.

व्यवहाराच्या बाजूचं थोडं सांगते, कारण लोक इथेच अडतात. नेपाळला आपल्याला व्हिसा लागत नाही, पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं. पंधराच्या आतल्या आणि पासष्टच्या वरच्या व्यक्तींना आधारवर जाता येतं, मोठ्यांना विमानतळावर नुसतं आधार चालत नाही. मेघनाच्या मतदार कार्डावर अजून माहेरचं नाव होतं, म्हणून तिने 1500 रुपये भरून पासपोर्टच काढला. आपले 100 रुपये म्हणजे नेपाळचे 160, हा दर बांधलेला आहे, त्यामुळे रुपया घसरण्याची धास्ती नाही. जाताना ते नाशिकरोडहून रेल्वेने गोरखपूर, तिथून गाडीने सोनौलीची सीमा असे गेले आणि येताना काठमांडूहून विमानाने आले. दिवाळी आणि छठमुळे त्या गाड्या तुडुंब असतात. आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, त्या दिवशी सकाळी आठला बाप-लेक दोन फोन घेऊन बसले होते. वाचलेल्या पैशांतून संपूर्ण प्रवासासाठी ड्रायव्हरसह मोठी गाडी घेतली. आजी आणि मुलं बरोबर असताना पैसे खर्च करायचेच तर ते गाडीवर आणि चांगल्या झोपेवर करावेत, पाहण्याची ठिकाणं दोन कमी झाली तरी चालतील.

डिसेंबरमध्ये सगळे भेटायला आले. सहल सगळी गोड झाली असं नाही. पोखराच्या रस्त्यावर काम चालू होतं, चार तास गाडी रांगेत उभी राहिली आणि सई रडकुंडीला आली. पण बोलताना सगळे एकमेकांचं वाक्य तोडत होते. सीमा ओलांडताच घड्याळ 15 मिनिटं पुढे करायचं हे ओमला इतकं आवडलं होतं की त्याने घरी येऊनही एक घड्याळ तसंच ठेवलं आहे. दुकानांच्या पाट्या देवनागरीत, त्यामुळे तो दिसेल ती मोठ्याने वाचत सुटला. नरकचतुर्दशीला ते चितवनजवळ सौराहात होते. त्या दिवशी नेपाळमध्ये कुत्र्यांची पूजा करतात. हॉटेलच्या राखणदाराने आपल्या म्हाताऱ्या कुत्र्याला झेंडूची माळ घातली, कपाळाला टिळा लावला आणि आरतीचं ताट आजींच्या हातात दिलं. जन्मभर कुत्र्याला “हाड” म्हणणाऱ्या आजींनी त्याला ओवाळलं. भाऊबीजेला पोखरात मालकीणबाईंनी सईला त्यांच्या पद्धतीचा सात रंगांचा टिळा लावायला शिकवलं आणि तिने तो ओमच्या कपाळावर काढला. सारंगकोटहून उडी घेतल्यावर ती हवेतून “बाबाऽऽ” म्हणून ओरडत होती, ते प्रसादने दोनदा सांगितलं.

मेघनाला मी पुन्हा तोच प्रश्न विचारला. ती म्हणाली, “पोखराच्या फेवा तलावाकाठी मी दोन तास बसले होते. दोन चहा प्यायले. ‘आई, माझा टॉवेल कुठे’ असं एकदाही कोणी विचारलं नाही. तिसरा चहा सई घेऊन आली आणि मग ती उठलीच नाही, शाळेतलं सगळं सांगत बसली.”

जावेच्या फोटोंचं काय, हेही मी विचारलं, कारण ते दुखणं एका सहलीने जात नाही. “अजून टोचतं कधीकधी,” मेघनाने सांगितलं. हे उत्तर मला खरं वाटलं. आता टोचलं की ती प्रसादला तसं बोलून दाखवते, पूर्वी महिनाभर धुमसायची.

जाताना सईने वही दाखवली. तिची दहावी झाली की एप्रिलमध्ये व्हिएतनाम. तेव्हा होई आनला पाऊस कमी असतो. बँकेत आरडी सुरू झाली आहे. त्यात तिच्या वाढदिवसाचे पैसेही जातात, आणि पुढचं काम म्हणून वहीत दोन्ही मुलांच्या पासपोर्टचे अर्ज लिहिलेत, समोर नाव: बाबा.