शुक्रवारी पहिला, रविवारी सातवा: वाचकांचे रेसप्रश्न

मागच्या वेळी मोटोजीपीबद्दल, म्हणजे बाईकच्या जागतिक रेसबद्दल, जाता जाता चार ओळी लिहिल्या आणि प्रश्नांचा असा ढीग पडला की बाकीचे विषय यावेळी बाजूलाच ठेवलेत. बहुतेकांना एकच हवंय, या वीकेंडला अमक्याचे चान्सेस किती, तमका पोडियमवर, म्हणजे पहिल्या तिघांत, येईल का. आता मी काही ज्योतिषी नाही, लालबागला एका गॅरेजमध्ये रविवारी संध्याकाळी शटर अर्धं ओढून पंधराएक जण टीव्हीसमोर बसतात त्यातला मी एक, आणि तिथे वडापावची पैज लागते त्यात सगळ्यात जास्त वडापाव मीच भरलेत. तेव्हा सल्ला त्या हिशोबाने घ्या.

आमचा माणूस शुक्रवारी टॉपला असतो आणि रविवारी सातवा येतो. दर वेळी हेच. टीम मुद्दाम करते का काय? (एक यामाहावाला, भांडुप)

नाही हो, मुद्दाम कोण करेल. तुम्ही बघता तो आकडा चुकीचा आहे एवढंच.

शुक्रवारी दुपारचं जे तासाभराचं प्रॅक्टिस असतं ना, त्यातले पहिले दहा थेट क्यू टूमध्ये, म्हणजे सुरुवातीची जागा ठरवणाऱ्या शनिवारच्या क्वालिफायिंगच्या वरच्या फेरीत जातात, बाकीच्यांना शनिवारी क्यू वनच्या चाळणीतून यावं लागतं आणि तिथून फक्त दोघंच वर जातात. म्हणून त्या तासाची शेवटची दहा-पंधरा मिनिटं सगळे नवा सॉफ्ट टायर (पकड जास्त, पण लवकर झिजतो) घालून एका लॅपसाठी, म्हणजे ट्रॅकच्या एका फेरीसाठी, जीव तोडून पळवतात. तो एक लॅप म्हणजे बाईक नवीन टायरवर एकदाच किती जोरात जाते त्याचा पुरावा, आणि रविवारी वीस-पंचवीस लॅप त्याच टायरवर काढायचे असतात ते कोण विचारतंय! टीव्हीवर नाव वर दिसलं की आपण खूश.

त्याऐवजी त्याच सेशनचा मधला भाग बघा, जेव्हा कोणी कोणाला दाखवायला जात नसतं. समजा एकाचा बेस्ट लॅप १ मिनिट ३०.२, पण जुन्या टायरवर त्याचे लॅप ३१.४, ३१.७, ३१.९, ३२.१ असे घसरत चाललेत. दुसऱ्याचा बेस्ट ३०.६, म्हणजे यादीत आठवा-नववा, पण त्याचे सात-आठ लॅप ३१.३, ३१.३, ३१.४, ३१.३ असे एका रेषेत. आकडे मी नमुन्यादाखल घेतलेत, पण हिशोब खराच आहे, लॅपला तीन दशांश सेकंदाचा फरक धरला तर पंचवीस लॅपमध्ये साडेसात सेकंद होतात. तेवढ्यात पहिला आणि सातवा दोन्ही बसतात. मी सीएसएमटी ते कुर्ला उभ्याने मोबाईलवर लाइव्ह टायमिंग बघतो तेव्हा वरची नावं अंगठ्याने झाकून ठेवतो, खोटं नाही सांगत.

आणि टायर नीट बघितला नाही की काय होतं ते मला २०२३ च्या ऑस्ट्रेलियातल्या फिलिप आयलंडच्या रेसला कळलं. रविवारी हवा बिघडणार म्हणून मेन रेस शनिवारीच घेतली होती. होर्हे मार्टिनने मागचा टायर सॉफ्ट घेतला, पुढच्या बाकी लोकांनी मिडियम, आणि गडी असा सुटला की मी निम्म्या रेसमध्येच पैज जिंकल्याच्या थाटात चहा सांगून मोकळा. शेवटच्या लॅपला टायर संपलेला, मागून चौघं आले आणि मार्टिन पाचवा. जोहान झार्को जिंकला, मोटोजीपीतला त्याचा पहिला विजय. नऊ वडापाव.

२०२४ ला पेको बन्याया ११ रेस जिंकला आणि मार्टिन फक्त ३, तरी चॅम्पियन मार्टिन! हा कुठला न्याय? (डुकाटी फॅन, डोंबिवली पूर्व)

न्याय नाही, गणित आहे. ५०८ विरुद्ध ४९८, दहा पॉइंटचा खेळ.

२०२३ पासून प्रत्येक ग्रां प्रीला, म्हणजे प्रत्येक रेस वीकेंडला, शनिवारी स्प्रिंट असते, मेन रेसच्या निम्म्या अंतराची, आणि जिंकणाऱ्याला १२ पॉइंट. रविवारी जिंकलात तर २५, दुसरा आलात तरी २०. म्हणजे दुसरा येत राहणाऱ्याचं फार नुकसान होत नाही, पण जो पडतो त्याचं दिवाळं निघतं. बन्याया त्या वर्षी पोर्टिमाओला मार्क मार्केझबरोबर आपटला, आरागॉनला अ‍ॅलेक्स मार्केझबरोबर, मलेशियाला स्प्रिंटमध्ये पडला, आणि बार्सिलोनाच्या स्प्रिंटमध्ये तर पुढे असताना शेवटच्या लॅपला पडला. ते एकटे १२ पॉइंट असते तर हिशोब उलटाच झाला असता. मला स्वतःला बन्यायाचं वाईट वाटलं, रविवारचा त्याच्याइतका भारी रायडर त्या वर्षी दुसरा नव्हता, पण चॅम्पियनशिप शनिवार धरून मोजतात.

यातून चान्सेसचंही एक कळतं. स्प्रिंटला टाकीत १२ लिटरच पेट्रोल, रविवारी २२ पर्यंत. बाईक हलकी, टायर वाचवायची गरज नाही, पहिल्या दोन कोपऱ्यांत घुसला की संपलं. त्यामुळे शनिवारी जिंकला तो रविवारी जिंकेलच असं धरून पैज लावू नका, माझ्यासारखी.

माझा आवडता रायडर कायम तिसऱ्या-चौथ्या रांगेत असतो. तिथून काही होऊ शकतं का, का टीव्ही बंद करू? (परळ)

टीव्ही चालू राहू द्या पण आशा जरा कमी ठेवा. एका रांगेत तिघं, म्हणजे चौथ्या रांगेत तुमचा माणूस दहावा ते बारावा, आणि स्प्रिंट आणि मेन रेस दोन्हीची जागा शनिवारच्या त्याच क्वालिफायिंगवर ठरते, म्हणजे एक वाईट पंधरा मिनिटं दोन्ही दिवस भोगायची. दादरला उतरायचंय आणि तुम्ही बंद दाराच्या बाजूला आतमध्ये अडकलाय असं समजा. जोर आहे, घाई आहे, पण पुढचा हलल्याशिवाय तुम्ही कुठे जाणार.

त्यात आणि पुढच्या टायरची भानगड. दुसऱ्याच्या मागे चिकटून चाललं की थंड हवा मिळत नाही, पुढचा टायर तापतो, आतलं प्रेशर चढतं आणि ब्रेक मारताना बाईक ऐकेनाशी होते. आणि प्रेशर फार कमी ठेवून सुटावं तर तोही गुन्हा, पुढच्या टायरला किमान मर्यादा आहे, रेसचे ६० टक्के लॅप त्याच्या वर काढायचे, नाहीतर रविवारी १६ सेकंदांची पेनल्टी. म्हणजे टीमला आधीच ठरवावं लागतं की आपला गडी मोकळ्या हवेत पळणार का गर्दीत, त्यावर प्रेशर.

२०२५ ची पहिलीच रेस आठवा, थायलंडचं बुरीराम. मार्क मार्केझ आरामात पुढे होता आणि मध्येच त्याने धाकट्या भावाला, अ‍ॅलेक्सला, पुढे जाऊ दिलं. आमच्या गॅरेजमध्ये एकदम कालवा, गिअरबॉक्स गेला, इंजिन गेलं, एक जण तर म्हणाला भाऊबंदकी आहे, घरी ठरवून आलेत. प्रत्यक्षात मोकळ्या हवेत पुढच्या टायरचं प्रेशर खाली राहिलं होतं, ते चढवायला तो मुद्दाम भावाच्या मागच्या गरम हवेत जाऊन बसला, पुरेसे लॅप झाले आणि शेवटचे तीन राहिले असताना पुढे जाऊन जिंकला. मी ते रिप्ले तीनदा बघितलं. डोकं बघा माणसाचं!

साक्सेनरिंगला मार्केझच जिंकणार असं सगळे आधीच धरून चालतात ते का? (विरार फास्ट)

कारण जर्मनीतल्या या ट्रॅकवर २०१० ते २०१९ तो ज्या क्लासमध्ये (आधी लहान बाईकच्या, मग मोटोजीपीत) होता त्यात दर वर्षी जिंकला, मग हात मोडून परत आल्यावर २०२१ ला जिंकला, आणि २०२५ ला डुकाटीवरही. तेरा कोपऱ्यांपैकी दहा डावीकडचे आणि डावीकडे वळायला त्याला जणू जन्मतःच येतं. पण २०२३ ला तिथेच तो एका वीकेंडमध्ये पाच वेळा पडला आणि रविवारी रेसला उतरलाच नाही, तेव्हा तो होंडावर होता आणि ती बाईक तशीच होती. ट्रॅक लाडका असून चालत नाही, बाईकलाही तो आवडायला लागतो.

माझा मुलगा तुमच्या त्या रेस बघतो. परवा म्हणाला, आई, मोडलेल्या हाडाने पण पळतात. हे खरं आहे का, आणि त्यांना कोणी अडवत नाही का? (एक आई, गिरगाव)

ताई, खरं आहे. २०१३ ला नेदरलँड्सच्या असेनमध्ये होर्हे लोरेन्झो गुरुवारी पडला, कॉलरबोन मोडलं, विमानाने बार्सिलोनाला जाऊन ऑपरेशन करून परत आला आणि शनिवारी रेसमध्ये पाचवा आला. तेव्हा असेनची रेस शनिवारी असायची. ही गोष्ट पोरं फार रंगवून सांगतात, आम्हीही सांगतो.

पण मुलाला दुसरी गोष्टही सांगा. २०२० ला स्पेनच्या हेरेझमध्ये मार्क मार्केझचा उजवा दंड मोडला, प्लेट बसवली, आणि हा बाबा पुढच्याच आठवड्यात बाईकवर बसायला गेला. जमलं नाही, घरी आला, आणि नंतर ती प्लेटच तुटली. त्या एका हातावर एकूण चार ऑपरेशनं, ते वर्ष तर गेलंच, आणि २०१९ नंतरचं पुढचं चॅम्पियनपद थेट २०२५ ला मिळालं, मधे सहा वर्षं. त्याला डॉक्टरांनी फिट ठरवलं होतं, म्हणजे अडवणारे असतात पण रायडर फिट आहे असं दाखवण्यात फार हुशार असतात. घरी कशी बाईक चालवतो तुमचा? हेल्मेटचा पट्टा लावतो का तेवढं बघा, मरीन ड्राइव्हला निम्मी पोरं नुसतं डोक्यावर ठेवून जातात.

पाऊस पडला तर कोणाला घ्यायचं? (कांजूरमार्ग)

कोणालाही. २०२५ ला फ्रान्सच्या ले माँला फ्रेंच झार्को जिंकला, होंडावर, आपल्या घरच्या लोकांसमोर, कारण बाकीचे टायर बदलाबदलीत गुंतले तेव्हा तो पावसाचे टायर घालून बसला होता. मुंबईकराला हे कळायला हवं, छत्री घेऊन निघालेला माणूस दिवसभर मूर्ख दिसतो, संध्याकाळी साडेसहापर्यंत.

भारतात परत कधी? (अनेकजण)

२०२३ च्या सप्टेंबरला दिल्लीजवळच्या बुद्ध सर्किटला झाली ती एकदाच, २०२४ ची रद्द झाली. मी गेलो होतो, उन्हात अक्षरशः भाजून निघालो. उकाड्यामुळे रेसच २४ वरून २१ लॅपवर आणली होती, बेझेक्की आठ सेकंदांहून जास्त फरकाने जिंकला आणि दुसरा आलेला मार्टिन उतरल्यावर उभा राहू शकत नव्हता. परत व्हावी असं फार वाटतं. आमच्या शहरात सी लिंक, फ्रीवे, कोस्टल रोड सगळीकडे टू-व्हीलरला बंदी, निदान बघायला तरी जवळ मिळू दे.

दुकान आहे, पूर्ण वीकेंड बघता येत नाही. एकच सेशन बघायचं तर कुठलं? रेस सोडून. (मस्जिद बंदर)

शनिवारचं एफपी टू, म्हणजे दुसरं फ्री प्रॅक्टिस. त्याला कोणी भाव देत नाही कारण त्यावर काहीच ठरत नाही, पण म्हणूनच बऱ्याच टीम त्या अर्ध्या तासात जुन्या टायरवर रविवारची तयारी करतात, सगळा खरा माल तिथेच असतो. युरोपातली रेस असेल तर उन्हाळ्यात आपल्याकडे दुपारी १.४० ला सुरू होतं, पाठोपाठ २.२० ला क्वालिफायिंग, स्प्रिंट ६.३० ला, रविवारची मेन रेस ५.३० ला. दुपारी पावणेदोनला तुमच्याकडे गिऱ्हाईक तसंही जेवायला गेलेलं असतं.