सनरूफमधून पाणी गळतंय आणि सर्व्हिस सेंटर म्हणतंय पाला तुमचा, बिल तुमचं

पुण्याहून एका ताईंनी विचारलंय. चौदा महिन्यांपूर्वी 17 लाख 80 हजारांची एसयूव्ही घेतली, पोरांच्या हट्टापायी सनरूफवालं मॉडेल, वॉरंटी तीन वर्षांची. गाडी सोसायटीत गुलमोहराखाली उघड्यावर असते. यंदा जुलैत छताच्या कापडावर चहा सांडल्यासारखा डाग आला, मग पुढच्या डाव्या सीटखालचं कार्पेट ओलं आणि गाडीभर कुबट वास. सर्व्हिस सेंटरने दोनदा गाडी ठेवून घेतली आणि "सीलंट लावलंय मॅडम" म्हणून परत दिली. तिसऱ्यांदा पाणी आलं तेव्हा सेंट्रल लॉक आपोआप उघडझाप करायला लागलं. आता म्हणतात बॉडी कंट्रोल मॉड्यूल (लॉक, लाइट वगैरे चालवणारा इलेक्ट्रॉनिक डबा) गेलं, 64 हजार भरा, सनरूफचे ड्रेन, म्हणजे पाणी बाहेर काढणाऱ्या नळ्या, चोक झालेत, पाला साफ करणं तुमचं काम, वॉरंटीत बसत नाही. मधे भावाने सायकलच्या ब्रेकची वायर घालून ड्रेन मोकळा करायचाही प्रयत्न केला. ताईंना नवी गाडी हवीये.

ताई, नवी गाडी बहुतेक नाही मिळणार, हे आधीच सांगून टाकतो म्हणजे उगाच त्या आशेवर भांडण नको. सुप्रीम कोर्टाने 2006 साली एका कारच्या केसमध्ये सांगितलंय की वॉरंटीत पार्ट दुरुस्त करून किंवा बदलून द्यायचं कबूल केलेलं असताना एका पार्टच्या दोषासाठी अख्खी गाडी बदलून मागता येत नाही. तुम्ही गाडीच मागत बसलात तर समोरचा वकील तोच निकाल पुढे करेल आणि तुमचा खरा मुद्दा बाजूला पडेल.

आणि खरा मुद्दा तुमच्याच फाइलमध्ये आहे, तो म्हणजे दोन जॉब कार्डं, गाडी ठेवून घेताना तक्रार आणि केलेलं काम लिहितात तो सर्व्हिस सेंटरचा कागद. बघा, सनरूफची काच शंभर टक्के पाणी अडवायला बनवलेलीच नसते, रबराच्या कडेने थोडं पाणी आत येणारच असं धरूनच डिझाइन असतं, ते खालच्या ट्रेमध्ये जमतं आणि कोपऱ्यांतल्या बारीक नळ्यांमधून पिलरच्या आतून खाली जाऊन गाडीबाहेर पडतं. गुलमोहराची पानं म्हणजे चिमूटभर, ती बरोबर त्या भोकात जाऊन बसतात आणि मग ट्रे भरून पाणी आत सांडतं. हे तुम्हाला मला माहीत नसेल, पण रोज गाड्या खोलणाऱ्याला माहीत असायलाच हवं ना? मग ड्रेनच चोक होते तर दोनदा सीलंट कशावर लावलं? म्हणजे एकतर तेव्हाचं निदान चुकलं किंवा आत्ताचं तरी. चुकीच्या निदानावर गाडी परत दिली, नंतर पाऊस झाला आणि मॉड्यूल गेलं, याला ग्राहक कायद्यात सेवेतली त्रुटी म्हणतात आणि तिथे पाला कोणाचा हा प्रश्न दुय्यम होतो.

आता वायर. लपवू नका, लपवलेलं उलटतपासणीत निघालं तर सगळंच जातं. ते म्हणणार नळी तुमच्या वायरीने फाटली किंवा सुटली. भावाने वायर नक्की कधी घातली तेवढं मला तारखेसकट कळवा. पहिल्या जॉब कार्डाच्या नंतर घातली असेल तर पहिली गळती वायरीमुळे झाली असं कोणाला म्हणताच येणार नाही. आणि त्याला सांगा पुन्हा हात लावू नको, कॉम्प्रेसरची हवाही मारू नको, जोरात हवा मारली की नळी आतल्या आत सुटते.

आज करायचं काम एवढंच की ड्रेन साफ करू देऊ नका, निदान तुमच्यासमोर शूटिंग झाल्याशिवाय तरी नाही. एकदा साफ झाले की पुरावा गेला. ईमेल करा की माझ्या उपस्थितीत तपासणी करा, काढलेले पार्ट माझ्या ताब्यात द्या. सनरूफ उघडून ट्रेच्या डाव्या कोपऱ्यात ग्लासभर पाणी हळू ओता. खाली गाडीबाहेर टपकलं तर नळी ठीक, ट्रेमध्येच तुंबलं तर चोक, आणि ट्रे रिकामा होऊन कार्पेट भिजलं तर नळी सुटलेली किंवा फाटलेली, मग वॉरंटीचा दावा बराच तगडा होतो. मूळ व्हिडिओ फोनमध्येच ठेवा, पुढे व्हिडिओसारख्या इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं सर्टिफिकेट जोडावं लागेल. आणि ते गेट पाससोबत "समाधानी आहे"वर सही घेतात ना, तिथे सही करू नका, गळती चालू आहे असं हाताने लिहा.

ओनर्स मॅन्युअलही काढा, कोणी उघडत नाही ते. ड्रेन तपासणं सर्व्हिसच्या यादीत असेल आणि वर्षाच्या सर्व्हिसला टिक मारलेली असेल तर त्यांना पळायला जागा उरत नाही. मालकाने साफ करावेत असं लिहिलं असेल तर तुमची बाजू थोडी पडते, खोटं कशाला सांगू, पण सीलंटचं उत्तर तरीही त्यांना द्यावंच लागेल.

इन्शुरन्स कंपनीलाही रिपेअरच्या आधी कळवून ठेवा. झीज किंवा इलेक्ट्रिकल बिघाड म्हणून नाकारतील अशीच शक्यता जास्त, पण नकार लेखी घ्या.

त्यानंतर डीलर आणि कंपनी दोघांना नोटीस, पंधरा दिवसांची. दोघांना, आणि प्रत्येकाने काय चुकवलं ते वेगवेगळं लिहून, कारण गोव्यातल्या एका गाडीच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने 2021 मध्ये डीलरच्या चुकीतून कंपनीला सोडलं, तिच्याविरुद्ध नेमके आरोपच नव्हते. मागणी अशी ठेवा: मॉड्यूल आणि नळ्या फुकट, कार्पेट आणि छताचं कापड बदलून, गाडी बंद होती तेवढ्या दिवसांचा प्रवासखर्च, मनस्तापाची वाजवी रक्कम. गाडीवाचून अडलंच असेल तर 64 हजार भरा, पण आधी ईमेलवर "अंडर प्रोटेस्ट भरतेय", म्हणजे मान्य नसताना भरतेय, असं लिहून.

नाही ऐकलं तर पुणे जिल्हा ग्राहक आयोग. 50 लाखांपर्यंतची खरेदी तिथेच जाते, तुमच्या रकमेला फी 400 रुपये, तक्रार ई-जागृती या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन दाखल होते, मुदत दोन वर्षांची. गाडी मिस्टरांच्या नावावर असेल तर तक्रारीत त्यांचंही नाव घाला. निकालाला कायद्यात तीन महिने लिहिलेत, तपासणी लागली तर पाच, प्रत्यक्षात तारखा पडत राहतात आणि पुढचा पावसाळा त्यातच निघून जातो. म्हणून नोटिशीनंतर त्यांनी मॉड्यूल फुकट देऊन त्यावर वर्षाची लेखी वॉरंटी देऊ केली तर मी तुमच्या जागी घेईन, फक्त सही करायच्या आधी कागद मला दाखवा.