रीफ टँकमध्ये (जिवंत कोरल असलेल्या खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये) दादागिरी करणारा डोमिनो डॅमसेल मासा दगड न काढता बाहेर कसा काढायचा?

म्हणजे तुमचं थोडक्यात असं झालंय की टँक नवीन असताना 'हा काही मरत नाही' म्हणून कुणीतरी गळ्यात मारलेला छोटासा काळा, तीन पांढरे ठिपकेवाला डोमिनो आता चांगला थोराड झालाय, ठिपके पुसट झालेत, नवीन कुठलाही मासा सोडला की तासाभरात त्याचे पंख फाडून ठेवतो, आणि दगडांवर कोरल वाढून सगळं एकमेकांना चिकटल्यामुळे दगड हलवायची सोय नाही. जाळी घेऊन पाठलाग करून झाला, हाती काही लागलं नाही, आणि आता गळ टाकून जमेल का असंही तुम्ही विचारताय.

पहिलं काम, ती जाळी कपाटात ठेवून द्या. खरंच सांगतो, लाइव्ह रॉक (जीवजंतू वसलेले समुद्री दगड) असलेल्या टँकमध्ये जागा माशाची असते, तुमची नाही. त्याला प्रत्येक भोक, प्रत्येक कपार पाठ आहे, तुमचा हात कोपरापर्यंत आत गेला की पाणी ढवळलं जातं आणि तुम्हालाच धड दिसत नाही. त्यात तो एकटा नाही घाबरत, अख्खा टँक लपून बसतो, एखादा फायरफिश किंवा रॅससारखा घाबरट मासा उडी मारून सरळ जमिनीवर येतो, आणि दोनचार कोरलच्या फांद्या तुटतात त्या वेगळ्याच. सगळ्यात वाईट म्हणजे डोमिनो शिकतो. दोनतीनदा पाठलाग झाला की पुढच्या वेळी नुसती जाळी काचेबाहेर दिसली तरी हा गायब.

त्यामुळे माझं मत सरळ आहे, त्याला पकडायला जाऊ नका, त्याला स्वतःहून येऊ द्या. असे मासे दोनच गोष्टींमुळे येतात, पोट आणि भांडण. डोमिनोमध्ये दोन्ही भरपूर आहे, म्हणून हा दिसतो तेवढा अवघड मासा नाही.

ट्रॅप घ्या. पारदर्शक अ‍ॅक्रिलिकची पेटी, एका बाजूला वर-खाली सरकणारं दार आणि त्या दाराला नायलॉनचा दोरा, बस. आपोआप बंद होणारे ट्रॅप पण मिळतात पण मला ते आवडत नाहीत, कारण आत कोण आलाय हे त्या दाराला कळत नाही, आणि पहिला येणारा मासा नव्वद टक्के वेळा नको असलेला नसतोच, तो तुमचा सगळ्यात गरीब आणि सगळ्यात हावरट क्लाउनफिश असतो. दोरा आपल्या हातात असलेला बरा. पेटी मोठीच घ्या, डोमिनोला आत वळता आलं पाहिजे, अरुंद पेटीत तो डोकं घालतो आणि उलटा बाहेर येतो.

ट्रॅप ठेवायचा कुठे, तर त्याच्या घराच्या तोंडाशी. तुम्हाला सोयीच्या कोपऱ्यात नाही. डॅमसेलचा स्वतःचा एक इलाका असतो, तिथे नवीन वस्तू आली की तो आधी तिच्यावरच धावून जातो, पेटीला टोचा मारतो, हे चांगलं लक्षण आहे. दार उघडं ठेवून, दोऱ्याने वर बांधून टाका आणि पेटी काही दिवस तशीच राहू द्या. या दिवसांत पकडायचं नाही म्हणजे नाही, हात शिवशिवले तरी. फक्त खाणं ट्रॅपच्या आत द्यायचं, फ्रोझन मायसिस (गोठवलेल्या बारीक कोळंबीसारखं खाणं) विरघळवून लांब नळीने किंवा पिपेटने पेटीच्या मागच्या भिंतीशी सोडायचं. खाणं देताना वेव्हमेकर (टँकमध्ये प्रवाह करणारा पंप) आणि रिटर्न पंप (खालच्या टाकीतून पाणी वर आणणारा) बंद करा, नाहीतर अर्धं खाणं दारातून बाहेर वाहत येतं आणि तो बाहेरच उभा राहून फुकटात जेवतो. पण पंप परत चालू करायला विसरू नका, फोनवर अलार्म लावून ठेवा.

आधी काय होतं बघा, तो पेटीभोवती घिरट्या घालतो, बाहेर आलेला एखादा तुकडा उचलतो. मग दारात येऊन थबकतो, कल्ल्यांपर्यंत आत, झटकन एक घास आणि तसाच मागे. तुमचा क्लीनर श्रिंप (टँकमधली कोळंबी) तोपर्यंत आत खाण्यावर मांडी ठोकून बसलेला असतो, बसू द्या. मग एक दिवस डोमिनो आत जातो आणि आतच जेवतो, मागे वळून बघत नाही, श्रिंपला हुसकवायला लागतो. म्हणजे पेटी त्याची झाली. आता एखादा दिवस टँकला खाणं देऊ नका (धडधाकट डॅमसेलला एकदोन दिवसांच्या उपासाने काहीही होत नाही) आणि दुसऱ्या दिवशी दोरा हातात घेऊन लांब बसा. काचेला नाक लावून नाही, लांब, मासे चेहरा ओळखतात आणि हातातल्या वस्तू पण. शेपटी पूर्ण दाराच्या आत गेल्याशिवाय दोरा सोडायचा नाही. अर्धा आत असताना सोडला आणि दार पाठीवर आपटलं तर तो निसटेल, आणि मग त्या पेटीकडे कितीतरी दिवस फिरकणार नाही. सोबत दुसरा मासा आत गेला असेल तर जाऊ दे, दोघांना पकडून चांगल्याला परत सोडता येतं.

खाण्याला बधत नसेल तर आरसा. ही युक्ती मला सगळ्यात आवडते कारण यात त्याचाच माज कामाला येतो. पेटीच्या मागच्या भिंतीला बाहेरून छोटा आरसा टेकवायचा, तोंड आतल्या बाजूला, आणि आरसा शक्यतो अ‍ॅक्रिलिकचा, धातूची फ्रेम किंवा गंजणारं काही असलेला नको. डोमिनोला वाटतं आपल्या इलाक्यात दुसरा डोमिनो घुसलाय, तो पंख फुलवून सरळ आत जातो. माझ्याकडच्या डॉटीबॅक माशाने खाण्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं, आरशासमोर मात्र तो इतका चवताळला की मागे दार पडलेलं त्याला कळलंच नाही. क्लाउनफिशवर पण चालतं. टँग किंवा बटरफ्लाय माशांचं मात्र खात्रीने सांगता येणार नाही.

बाटली कापून, तोंडाकडचा भाग उलटा आत बसवून केलेला ट्रॅप पण चालतो पण तो लहान माशांसाठी, सिक्सलाइन रॅस वगैरे, तुमच्या थोराड डोमिनोला ते तोंड पुरणार नाही. करणाऱ्यांनी बाटलीला भरपूर भोकं पाडा आणि रात्रभर लावून झोपू नका, आतलं पाणी खेळतं राहिलं नाही तर सकाळी मेलेला मासा मिळेल.

गळाबद्दल पण विचारलंय तुम्ही. ऐकायला क्रूर वाटतं पण नीट केलं तर दगड उपसण्यापेक्षा मासा आणि टँक दोघांनाही कमी त्रास. मिळेल तेवढा सगळ्यात बारीक गळ, त्याचा उलटा काटा पक्कडने दाबून पूर्ण सपाट केलेला, थोडा नायलॉन दोरा आणि कोळंबीचा बारीक तुकडा. बाकीच्या माशांना आधी दुसऱ्या टोकाला खाणं देऊन गुंतवायचं आणि हा नेमका डोमिनोच्या तोंडासमोर सोडायचा. लागला की लगेच वर, खाली पाण्याचा डबा तयार पाहिजे. गळ टँकमध्ये सोडून चहाला जायचं नाही. हे डोमिनोएवढ्या माशाला ठीक आहे, सिक्सलाइनच्या तोंडाला नाही.

रात्री पकडा असा सल्ला पण मिळेल तुम्हाला. अर्धा खरा आहे. लाइट गेल्यावर मासे सुस्त असतात, पण ते कुठे झोपतात ते आधी माहीत पाहिजे. उघड्यावर झोपणारा असेल तर लाल टॉर्चने शोधून, मग एकदम पांढरा उजेड टाकला की काही सेकंद तो भांबावतो, तेवढ्यात डबा. डोमिनो दगडाच्या कपारीत घुसून झोपतो, तिथे तुम्ही टॉर्च घेऊन काय करणार. सिक्सलाइन पण कपारीतच, स्वतःभोवती चिकट पडद्याची पिशवी करून.

एवढं सगळं करून नाहीच जमलं तरच दगड. पाणी स्वच्छ ड्रमात काढून ठेवा, परत तेच टाकायचंय, काढण्याआधी हीटर बंद, नाहीतर उघडा पडून तडकेल. पाणी खाली गेलं की मासा बहुतेक त्याच्या नेहमीच्या दगडात घुसतो आणि दगड उचलला की दगडासोबतच बाहेर येतो, म्हणून दगड उचलून लगेच बादलीवर धरा, तो भोकातून आपोआप पडतो. स्पंज (हा पण जिवंत समुद्री जीव) लागलेले दगड हवेत काढू नका, पाण्यातच सरकवा. आणि हे जरा नीट वाचा, दगडांवर झोआ किंवा पालिथोआ (बटणांसारखे झुपक्याने वाढणारे कोरलसारखे जीव) असतील तर हातमोजे आणि डोळ्यांना गॉगल लावल्याशिवाय हात घालायचा नाही. त्यांच्यापैकी काहींत पॅलिटॉक्सिन नावाचं जबर विष असतं, ते कापलेल्या कातडीतून किंवा डोळ्यात गेलं तर प्रकरण दवाखान्यापर्यंत जातं. असे दगड घासायचे नाहीत, गरम पाण्याने धुवायचे तर मुळीच नाहीत.

पकडल्यावर उचलायला पण जाळी नको, डबा वापरा. डोमिनोचं ठीक आहे, पण एंजल आणि मरून क्लाउन माशांच्या गालावर काटे असतात, ते जाळीत अडकतात आणि सोडवताना मासा फाटतो. फॉक्सफेस आणि लायनफिशचे काटे विषारी, त्यांना हाताने धरायचा विचारसुद्धा नको, लागलाच तर सोसवेल तितक्या गरम पाण्यात हात बुडवून डॉक्टरकडे.

आणि पकडायच्या आधी तो जाणार कुठे हे ठरवा, बादलीत ठेवून फोनाफोनी करू नका. कोरल नसलेला, मोठ्या दांडगट माशांचा टँक असलेला कुणी, किंवा दुकानदार परत घेत असेल तर उत्तम. मधल्या काळात संप (टँकखालची फिल्टरची टाकी) चालेल, वर झाकण आणि पंपाच्या तोंडाला जाळी लावून. समुद्रात नेऊन सोडायचा नाही, तो समुद्र जवळ असला तरी. हिंदी-प्रशांत महासागरातला लायनफिश 1985 मध्ये फ्लोरिडाजवळ सापडला, लोकांनी टँकमधून सोडलेले मासे हेच त्याचं कारण मानलं जातं, आणि आज तो कॅरिबियनमध्ये सगळीकडे पसरून तिथले लहान मासे फस्त करतोय.

काहीजण म्हणतील दोन आठवडे बाहेर ठेवून परत सोडा, इलाका विसरेल. टँग किंवा क्लाउनच्या बाबतीत मी हे होताना पाहिलंय, डोमिनोवर वेळ घालवू नका, हा अजून वाढणार आणि परत तेच करणार.

तुमच्याकडे अँथियस किंवा मँडरिन मासे आहेत का ते तेवढं सांगा. असतील तर उपासाचा भाग सोडून द्यावा लागेल, अँथियसना दिवसातून दोनतीनदा खायला लागतं आणि मँडरिन तर दिवसभर टिपत असतो, मग ट्रॅपच्या दिवशी त्यांना टँकच्या दुसऱ्या टोकाला वेगळं कसं भरवायचं ते बघू.