झेंडा लवकर मिळतो, कलम १५०७ला वेळ लागतो

प्रश्न असा होता: अमेरिकेतल्या माजी सैनिकांनी युद्धकैदी आणि बेपत्ता सैनिकांसाठी इतकी वर्षं मोर्चे काढले, दर मे महिन्यात वॉशिंग्टनमध्ये मोटरसायकली नेल्या. कायद्यात त्यातलं काय उतरलं, आणि ते उतरवतात कसं?

आधी झेंड्याचे कायदे बाजूला ठेवा. युद्धकैदी आणि बेपत्ता सैनिकांच्या काळ्या-पांढऱ्या झेंड्याला १९९० मध्ये काँग्रेसची, म्हणजे अमेरिकी संसदेची मान्यता मिळाली, १९९७ च्या कायद्याने तो वर्षातले सहा दिवस लावणं बंधनकारक झालं आणि २०१९ पासून ठरावीक सरकारी ठिकाणी राष्ट्रध्वजासोबत रोज. खर्च जवळपास नाही, विरोध करायला कोणी धजत नाही. असे कायदे पटकन होतात.

खरी झुंज झाली ती ‘टायटल १०’च्या, म्हणजे अमेरिकी कायद्यातल्या सैन्यदलांविषयीच्या भागाच्या, ७६ व्या प्रकरणावर, म्हणजे कलम १५०१ ते १५१३. त्याआधी सगळं १९४२ च्या कायद्यावर चालायचं. तो मुळात पगाराच्या हिशेबासाठी केलेला: माणूस बेपत्ता असेपर्यंत पगार चालू, मृत ठरवला की बंद. बारा महिने उलटले की सैन्याचं खातं कागदोपत्री मृत्यू जाहीर करू शकत होतं, आणि कुटुंबाला कळायचं ते निकाल लागल्यावर. १९७४ मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टाने सांगितलं, की जवळच्या नातेवाइकांना आधी नोटीस द्या आणि सुनावणीला हजर राहू द्या. पण पुरावा किती हवा, हा प्रश्न तसाच राहिला.

त्याचं उत्तर फेब्रुवारी १९९६ मध्ये सही झालेल्या ‘मिसिंग सर्व्हिस पर्सोनेल ॲक्ट’ या बेपत्ता सैनिकांविषयीच्या कायद्यात आहे. कलम १५०७ नीट वाचा. मृत्यूची शिफारस करायची तर मृत्यू सुचवणारा विश्वासार्ह पुरावा हवा. जिवंत असल्याचा विश्वासार्ह पुरावा सरकारकडे नसावा. शेवटचं दिसलं त्या भागाचा पूर्ण शोध झालेला असावा. आणि त्या भागावर ताबा असलेल्या सरकारच्या नोंदी तपासलेल्या असाव्यात. शेवटच्या दोन अटींत सूट मिळते, पण प्रामाणिक प्रयत्न करूनही परवानगी मिळाली नाही तरच. नुसता काळ लोटला, म्हणून माणूस मेला असं आता धरता येत नाही. चौकशी मंडळासमोर बेपत्ता माणसासाठी स्वतंत्र वकील असतो. तो कुटुंबाचा वकील नव्हे, हे बरेच जण विसरतात.

वर्गीकरण किती महत्त्वाचं, याचं उदाहरण नौदलाचे वैमानिक स्कॉट स्पायकर. जानेवारी १९९१ मध्ये इराकवर विमान पडलं आणि त्यांना मृत ठरवलं गेलं. २००१ मध्ये नोंद बदलून ‘बेपत्ता’ झाली, २००२ मध्ये ‘बेपत्ता, पकडलेले’. अवशेष सापडले २००९ मध्ये.

आता ग्यानबाची मेख. हा कायदा स्वतंत्रपणे नव्हे, तर संरक्षण खात्याच्या कामांना आणि खर्चाला दरवर्षी परवानगी देणाऱ्या अधिकृतता विधेयकाला जोडून पास झाला. त्याच दाराने तो त्याच वर्षी पोखरलाही गेला. सप्टेंबर १९९६ च्या विधेयकात सिनेटर जॉन मॅकेन यांच्या पुढाकाराने माहिती दडवणाऱ्याची फौजदारी शिक्षा गेली, नागरी कर्मचारी वगळले गेले आणि सैनिक बेपत्ता झाल्याचा अहवाल देण्याची कमांडरची मुदत ४८ तासांवरून १० दिवस झाली. मॅकेन स्वतः व्हिएतनाम युद्धात हनोईत साडेपाच वर्षं कैदेत होते, त्यामुळे त्यांना अडवणं कुणालाच सोपं गेलं नाही. रणांगणावरच्या कमांडरवर कागदी ओझं नको, हा त्यांचा मुद्दा. माझ्या मते मुदतीपुरता तो पटण्याजोगा होता, शिक्षेबाबत नाही. १९९७ मध्ये नागरी कर्मचारी परत आले. शिक्षा आली नाही.

म्हणून काम करताना पहिली चूक टाळा: माजी सैनिकांचे प्रश्न पाहणाऱ्या व्हेटरन्स अफेअर्स समितीकडे जाणं. तिथे दार उघडं असतं, पण हा विषय सैन्यदलांचं काम पाहणाऱ्या आर्म्ड सर्व्हिसेस समित्यांच्या मनुष्यबळ उपसमितीचा. वसंत ऋतूत खासदारांच्या मागण्या समितीकडे जातात, तेव्हाच मजकूर त्यांच्या हातात हवा. एक पान पुरे: कलमाचा क्रमांक, सध्याचे शब्द, हवे ते शब्द, आणि त्या मतदारसंघातली किती कुटुंबं अडकली आहेत. भावनिक पत्रांचा गठ्ठा खासदाराचा सहायक बाजूला ठेवतो. दोन्ही सभागृहांचे मसुदे जुळवताना कलमं गुपचूप गळतात, तेव्हा शेवटचा मसुदा ओळ न ओळ ताडून पाहावा लागतो. आणि दोन वर्षांची काँग्रेस संपली की न झालेलं विधेयक मरतं. नव्याने मांडा, सहप्रायोजक नव्याने गोळा करा.

संस्थेची नोंदणीही तपासा. ५०१(क)(३), म्हणजे करमुक्त धर्मादाय संस्थेने लॉबिंग खर्चाच्या प्रमाणात मोजण्याची कसोटी निवडली, तर पहिल्या ५ लाख डॉलर खर्चाच्या २० टक्क्यांपर्यंतच लॉबिंग करता येतं. माजी सैनिकांच्या ५०१(क)(१९) संस्थेला ही मर्यादा नाही, मात्र ७५ टक्के सभासद आजी-माजी सैनिक हवेत.

शेवटी पैसा. वर्षाला किमान २०० बेपत्ता सैनिकांची ओळख पटवण्याची क्षमता उभी करा, असं २००९ च्या अधिकृतता विधेयकाने ठरवलं. पण अधिकृतता म्हणजे निधी नव्हे. तो प्रत्यक्ष पैसा मंजूर करणाऱ्या विनियोजन समित्या देतात, आणि तिथे वेगळं पान घेऊन पुन्हा जावं लागतं.