ऑपरेशन नाही केलं तर पाय जातील का?

कंबरेच्या मणक्यातली नळी अरुंद झाली आहे, असं एमआरआयच्या कागदावर लिहून आलं की घरात दोन भीती एकदम शिरतात. ऑपरेशन नाही केलं तर पाय जातील, आणि केलं तर कायमचं अंथरूण धरावं लागेल. माझ्याकडे येणाऱ्या कुटुंबांत या भीतींची वाटणीही झालेली असते. मुलाने पहिली धरलेली असते, नवऱ्याने दुसरी. जिची कंबर आहे ती मधे गप्प बसलेली असते. मी समुपदेशक आहे, डॉक्टर नाही, त्यामुळे ऑपरेशन करा किंवा करू नका हे मी सांगत नाही. पण तिला स्वतःला काय हवं आहे हे अनेकदा कुणी विचारलेलंच नसतं. ते मी विचारते.

गोव्यातल्या फोंडा महालातल्या एका देवळाच्या वाटेवर फुलं विकणाऱ्या एक मावशी अशाच आल्या होत्या. त्यांच्या परवानगीनेच लिहिते आहे, ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. वय सदुसष्ट, मधुमेह आहे पण आटोक्यात. यजमान कदंबची बस चालवून निवृत्त झालेले, मुलगा वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला. तिघं आत आले तेव्हा मावशी सरळ खुर्चीत बसल्या आणि फाईल मुलाने उघडली. बोलणंही त्यानेच सुरू केलं. ‘मॅडम, आईला तुम्हीच समजवा. रिपोर्टमध्ये सिव्हिअर लिहिलंय आणि ही ऐकत नाही.’

मावशींचं दुखणं असं, की सकाळी पाटावर वाकून बसून अबोलीच्या फाती, म्हणजे गजरे, करताना काही होत नाही. दोन-तीन तास सहज जातात. पण उठून बसस्टॉपकडे निघाल्या की थोड्याच अंतरावर दोन्ही पाय जड होतात, पोटऱ्यांत आग होते, मुंग्या येतात. कुठेतरी पायरीवर टेकलं की दोन मिनिटांत सगळं ओसरतं आणि पुन्हा तेवढंच चालता येतं. उतारावर जास्त त्रास, चढावर कमी. ओट्याशी उभं राहूनही तेच. चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, नेवऱ्या तळायला उभ्या राहिल्या आणि मधेच बसल्या, तेव्हा सून काहीतरी बोलली. काय बोलली ते मावशींनी सांगितलं नाही. ‘तिचंही चूक नाही,’ एवढंच म्हणाल्या.

मुलाने मात्र मनातलं बोलून टाकलं. ‘तासन्‌तास बसता येतं, माझ्या स्कूटरवर मागे बसून म्हापशाच्या बाजाराला येता येतं, आणि देवळापर्यंत चालता येत नाही, हे कसं?’

खरं तर या दुखण्याची ओळखच ही आहे. वयाबरोबर चकती फुगते, मणक्यांचे सांधे जाड होतात, मागचा पिवळा अस्थिबंध जाड होऊन आत दुमडतो आणि नसांची वाट अरुंद होते. माणूस ताठ उभा राहिला की ही वाट आणखी आवळते, पुढे वाकला किंवा बसला की थोडी मोकळी होते. म्हणून अशी माणसं सायकल आरामात चालवतात, सुपरमार्केटमधली ट्रॉली ढकलत सगळं दुकान फिरतात आणि हात मोकळे ठेवून घरापुढचा रस्ता ओलांडताना थांबतात. डॉक्टर ट्रॉलीबद्दल मुद्दाम विचारतात. पायांच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या तरी चालताना पोटऱ्या दुखतात, पण तिथे नुसतं उभं राहिलं तरी आराम पडतो, वाकावं लागत नाही. मावशींना मधुमेह असल्यामुळे डॉक्टरांनी पायांची नाडीही तपासली होती. ती नीट लागत होती.

पहिल्या भेटीत मी एवढंच केलं. मुलाला सांगितलं, या आठवड्यात एकदा आईबरोबर मोकळ्या हातांनी चाल आणि ती थांबेल तिथे थांब. मग एखाद्या मोठ्या दुकानात तिला ट्रॉली धरून चालू दे. दुसऱ्या भेटीला तो आला तेव्हा ऑपरेशनबद्दल एक शब्द बोलला नाही. ‘ट्रॉली घेऊन ती माझ्या पुढे गेली,’ म्हणाला. सोंगाचा संशय घरातून गेल्याशिवाय इलाजाची चर्चा पुढे सरकत नाही, कारण तोवर रुग्ण ऑपरेशनला हो म्हणतो ते आपलं दुखणं खरं आहे हे सिद्ध करण्यासाठी. अशी माणसं मी पाहिली आहेत.

मग ‘सिव्हिअर’. हा शब्द फिल्मवरच्या नळीचं माप सांगतो, बाईचं नाही. एमआरआय आडवं झोपवून काढतात, त्रास चालताना होतो. साठीनंतर काहीही दुखत नसलेल्या लोकांच्याही फिल्मवर अरुंद नळी दिसते. अरुंदपणा आणि वेदना यांचं गणित सरळ जुळत नाही, म्हणून नुसत्या रिपोर्टवरून कुणी ऑपरेशनची तारीख देत असेल तर दुसरं मत घ्यावं, असं माझं ठाम मत आहे.

आता पाय जाण्याची भीती. मेंदूकडून येणारी मुख्य मज्जारज्जू मोठ्या माणसात कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याजवळ संपते. मावशींची अडचण चौथ्या आणि पाचव्या मणक्यामध्ये होती. तिथे मज्जारज्जू नसते, पायांकडे जाणाऱ्या नसांचा जुडगा असतो. त्यामुळे रात्री झोपलो आणि सकाळी पाय लुळे झाले, असं या आजारात सहसा घडत नाही. सौम्य ते मध्यम त्रास असलेल्यांपैकी पुष्कळांची स्थिती वर्षानुवर्षं जवळपास तशीच राहते, काहींची सुधारते, काहींची हळूहळू बिघडते. विचार करायला सवड असते.

सवड नसते तीही वेळ सांगते, आणि ही यादी मी घरातल्या दोघांना तरी पाठ करायला लावते. लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, शौचावरचा ताबा गेला, मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि बैठकीच्या जागी बधिरपणा आला, पाऊल उचलेनासं झालं किंवा पायांतली ताकद भराभर कमी होऊ लागली, तर समुपदेशकाकडे यायचं नाही. त्याच दिवशी इस्पितळ गाठायचं. मानेतली नळी अरुंद होणं ही गोष्टही वेगळी, कारण तिथे मज्जारज्जूच दाबली जाते आणि थांबणं महागात पडू शकतं. हाताची बोटं अडखळतात, शर्टाची बटणं लागत नाहीत, चालताना तोल जातो. मी मावशींना विचारलं, फाती करताना गाठ सुटते का, फूल हातातून पडतं का? त्या हसल्या. ‘बोटं डोळे मिटून चालतात, बाय.’ तरी ते डॉक्टरांना सांगा म्हटलं. त्यांनी मानही तपासली.

यजमान इतका वेळ काही बोलले नव्हते. तिसऱ्या भेटीत बोलले. डेपोतल्या त्यांच्या एका सोबत्याचं मणक्याचं ऑपरेशन झालं आणि तो पुन्हा उठला नाही. हे ते कुणालाच सांगत नव्हते, नुसतं ‘नको’ म्हणत होते. मी विचारलं, कसलं ऑपरेशन होतं? चौकशी करून आले तेव्हा कळलं की तो माणूस माडावरून पडला होता, मणका मोडला होता आणि पाय आधीच गेले होते. ‘मणक्याचं ऑपरेशन’ या एका नावाखाली लोक किती वेगवेगळ्या गोष्टी एकत्र बांधून ठेवतात! दुसऱ्या बाजूने तेल चोळून, हाड बसवून नळी रुंद करून देणारेही आहेतच. चोळल्याने स्नायूंना बरं वाटतं हे मान्य, पण जाड झालेला सांधा त्याने पातळ होत नाही. आणि म्हाताऱ्या, ठिसूळ हाडांच्या पाठीला कुणी झटके देऊ लागलं तर तिथून उठून यावं.

उरलेल्या पर्यायांबद्दल अभ्यास काय सांगतात ते मी त्यांच्यापुढे ठेवलं. 2015 साली अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ऑपरेशनला योग्य आणि तयार असलेल्या 169 जणांना चिठ्ठी टाकल्यासारखं दोन गटांत वाटलं, एका गटाला ऑपरेशन, दुसऱ्याला नेमून दिलेला व्यायाम. दोन वर्षांनी दोन्ही गट जवळपास सारखेच होते. हे ऐकून यजमान खूश झाले. मग मी पुढचं सांगितलं. व्यायामाच्या गटातल्या शंभरात 57 जणांनी मधल्या काळात ऑपरेशन करूनच घेतलं होतं. आता मुलगा खूश झाला. 2008 साली आलेल्या, 654 रुग्णांच्या मोठ्या अभ्यासातही अशीच अदलाबदल झाली. प्रत्यक्षात ज्यांनी ऑपरेशन करून घेतलं त्यांना दोन वर्षांपर्यंत जास्त आराम होता, पण न करणाऱ्यांनाही थोडी सुधारणा दिसली आणि त्यांची अवस्था वाईट झाली नाही. ऑपरेशन झालेल्यांपैकी शंभरात सुमारे 18 जणांना आठ वर्षांत पुन्हा टेबलावर जावं लागलं. कमरेत देण्याच्या स्टेरॉइड इंजेक्शनचं 2014 मध्ये 400 रुग्णांवर पाहिलं गेलं. नुसतं बधिर करणारं औषध दिलेल्यांपेक्षा सहा आठवड्यांनी फारसा फरक नव्हता. काहींना तात्पुरता आराम पडतो, लग्नकार्य निभावतं. मधुमेह असेल तर त्यानंतर साखर चढते, तेवढं लक्षात ठेवायचं.

हे सगळं ऐकून मावशी म्हणाल्या, ‘म्हणजे कुणालाच नक्की माहीत नाही.’

मी म्हटलं, बरंच माहीत आहे, पण तुम्हाला कुठे चालत जायचं आहे ते अभ्यासात लिहिलेलं नाही.

त्यावर त्या पहिल्यांदा स्वतःहून बोलल्या. सोमवारच्या पालखीबरोबर देवळाभोवती फिरायचं होतं आणि आरती होईपर्यंत उभं राहायचं होतं. बसस्टॉपपासून देवळापर्यंत कुणाच्या स्कूटरची वाट न पाहता जायचं होतं. कंबर दुखली तरी चालेल, ती चाळीस वर्षं दुखतेच आहे. मुलगा तिच्याकडे पाहत राहिला. त्याला वाटत होतं आईला दुखणं थांबायला हवंय. तिला जाणं-येणं हवं होतं.

ठरलं असं, की आधी तीन महिने व्यायाम मनापासून करायचा, मग पुन्हा बोलायचं. फिजिओथेरपिस्टने पाठ पुढे वाकवणारे, पोटाचे आणि कुल्ल्याचे व्यायाम दिले, जागच्या जागी चालवायची सायकल दिली. ओट्यापाशी एक पाऊल छोट्या पाटावर ठेवून उभं राहायला शिकवलं, त्याने नेवऱ्यांचा प्रश्न पुष्कळसा सुटला. चालण्याचं माप विजेच्या खांबांनी ठेवायचं. सुरुवातीला दोन खांब, मग चार. चारच्या पुढे मात्र गाडी सरकेना, आणि देऊळ त्याहून बरंच लांब होतं.

सर्जनकडे जाताना त्यांनी प्रश्न लिहून नेले होते. माझा त्रास पायांचा जास्त की कंबरेचा, आणि ऑपरेशनने कशाला आराम पडेल? नुसती नळी मोकळी करणार की मणके जोडायला स्क्रूही घालणार? घालणार तर का? धोके कोणते? नाही केलं तर सहा महिन्यांत काय बिघडेल? स्क्रूचा प्रश्न मी आग्रहाने लिहवते. 2016 साली स्वीडनमधल्या 247 रुग्णांच्या अभ्यासात नळी मोकळी करण्याबरोबर मणके जोडून घेणाऱ्यांना जोडून न घेणाऱ्यांपेक्षा जास्त फायदा झाला नाही. मणका हलत असेल, वाकडा असेल तर जोडणं लागू शकतं, पण कारण विचारायला हवं. मावशींच्या उभ्याने आणि वाकून काढलेल्या एक्सरेत मणका सरकत नव्हता. सर्जन म्हणाले, एकाच जागी मोकळं करू, स्क्रू नको. पायांना आराम पडण्याची शक्यता चांगली, कंबरेची हमी नाही. नसांभोवतीच्या पाण्याच्या पिशवीला चीर जाणं, जंतुसंसर्ग, रक्ताची गुठळी, हे धोकेही त्यांनी सांगितले.

पैशांचा प्रश्न मुलाने सोडवला. गोव्यात 2016 पासून दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. तिघांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, चौघं किंवा जास्त असतील तर चार लाखांपर्यंतचं संरक्षण मिळतं. कुठलं ऑपरेशन त्यात बसतं हे तारीख घेण्याआधी इस्पितळातच विचारावं. गोमेकॉचा, म्हणजे सरकारी गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळाचा, पर्याय आहेच. कर्ज काढून घाईने खाजगी खोली घेणाऱ्यांना मी हे दोन्ही आधी तपासायला सांगते.

मावशींनी चवथ होऊ दिली आणि मग ऑपरेशन करून घेतलं. याच सुमाराला येणारे म्हापशाचे एक गृहस्थ उलट निर्णयाला आले. हृदय अधू, भूल देण्याचा धोका मोठा, आणि त्यांना चालायचं होतं ते फक्त गल्लीच्या टोकाच्या वाचनालयापर्यंत. ते घडीची काठी-खुर्ची घेऊन जातात, वाटेत दोनदा बसतात, आणि खुशीत आहेत. त्यांचा निर्णय मावशींच्या निर्णयाइतकाच योग्य.

मावशींना दुसऱ्या दिवशी उभं केलं, थोड्या दिवसांत घरी पाठवलं. पायांतली आग गेली. तळव्यांचा बधिरपणा थोडा राहिला आहे, जुन्या दाबलेल्या नसेचा किंवा मधुमेहाचा असेल असं डॉक्टर म्हणतात. बसस्टॉपपासून देवळापर्यंत त्या आता एकट्या जातात, आरतीला उभ्या राहतात. सकाळी उठल्यावर कंबर धरते ती धरतेच. यजमान त्यावरून अजून म्हणतात, ‘एवढं करून काय मिळालं?’ तेव्हा मावशी त्यांना सर्जनचंच वाक्य ऐकवतात, ऑपरेशन पायांसाठी होतं. फुलांची टोपली मात्र मुलगाच आणून देतो. वजन उचलायला मनाई होती ती पहिल्या काही आठवड्यांपुरती, पण ती मुदत संपल्याचं मावशींनी घरी अजून सांगितलेलं नाही.