रूलेटमध्ये इनसाइड आणि आउटसाइड बेट म्हणजे काय? नवख्या माणसाने कुठला लावावा?

रूलेटमध्ये फिरत्या चाकावर चेंडू कुठल्या आकड्याच्या घरात थांबेल यावर पैज, म्हणजे बेट, लावतात. आधी टेबलाच्या कापडावरची मांडणी समजून घ्या. १ ते ३६ हे आकडे तीन-तीनच्या बारा ओळींत छापलेले असतात आणि वरच्या टोकाला शून्य असतं. या आकड्यांवर किंवा त्यांच्यामधल्या रेषांवर चिप (पैशांऐवजी वापरायची चकती) ठेवली तर तो इनसाइड बेट. कडेच्या मोठ्या चौकटींत, म्हणजे लाल-काळा, सम-विषम, डझन (१–१२, १३–२४, २५–३६), कॉलम (बारा आकड्यांचा उभा रकाना) यांवर ठेवली तर आउटसाइड.

इनसाइडमध्ये चिप नेमकी कुठे टेकली आहे यावर सगळं ठरतं. चौकटीच्या मधोमध असेल तर एकच आकडा, त्याला स्ट्रेट म्हणतात. दोन आकड्यांमधल्या रेषेवर स्प्लिट. चार चौकटी मिळतात त्या बिंदूवर कॉर्नर. ओळीच्या बाहेरच्या कडेवर ठेवली की त्या ओळीचे तिन्ही आकडे तुमचे, तो स्ट्रीट. आणि दोन ओळींच्या सांध्यावर त्याच कडेला ठेवली की सहा आकडे, तो सिक्स लाइन.

भाव पाठ करत बसू नका. ३६ ला तुम्ही धरलेल्या आकड्यांच्या संख्येने भागा आणि एक वजा करा. एक आकडा असेल तर एकास ३५, दोन असतील तर १७, तीनला ११, चारला ८, सहाला ५. डझन किंवा कॉलममध्ये बारा आकडे, म्हणून एकास २. लाल-काळ्यात अठरा, म्हणून एकास एक. जिंकल्यावर लावलेली चिप परत मिळतेच, भाव त्याच्या वरचा.

गोम अशी की भाव ३६ घरं धरून काढलेत आणि युरोपियन चाकावर घरं आहेत ३७. कॅसिनोची कमाई त्या एका जादा घरातून होते: ३७ पैकी १, म्हणजे २.७ टक्के. हा वाटा स्ट्रेटवरही तेवढाच आणि लाल-काळ्यावरही तेवढाच. त्यामुळे ‘आउटसाइड बेट सुरक्षित’ हे जे सगळीकडे लिहिलेलं असतं, ते मला अर्धवट वाटतं. फरक पडतो तो चढउतारात. लालवर एकेक चिप लावत १०० फेऱ्या खेळलात तर बहुतेक वेळा वीसेक चिपांच्या नफ्यातोट्यात उठाल. एकाच आकड्यावर तशाच १०० चिपा लावल्यात तर तो आकडा एकदाही न येण्याची शक्यता साडेसहा टक्क्यांच्या आसपास असते, म्हणजे सगळ्या चिपा गेल्या. तोच पाच वेळा आला तर ८० चिपांचा फायदा. दोन्हीकडे सरासरी तोटा मात्र २.७ चिपांचाच.

बेट एकत्र करूनही हा हिशेब हलत नाही. एक लोकप्रिय जोडी बघा: एक चिप काळ्यावर, एक तिसऱ्या कॉलमवर. तिसऱ्या कॉलममध्ये आठ लाल आणि चारच काळे आकडे आहेत, त्यामुळे दोन चिपांत २६ आकडे झाकले जातात. ऐकायला झकास. पण त्यातल्या १४ आकड्यांवर हाती काहीच येत नाही, ८ वर एक चिप मिळते, ४ वर तीन मिळतात आणि उरलेल्या ११ वर दोन्ही जातात. ३७ घरांची बेरीज करा: २० आले, २२ गेले. लावलेल्या ७४ चिपांवर दोनचा तोटा, म्हणजे पुन्हा तेच २.७ टक्के.

हरलं की दुप्पट लावायची युक्तीही कुणीतरी सुचवेलच. एका चिपेपासून सुरुवात केली तर सलग सात हारींनंतर १२७ चिपा गेलेल्या असतात आणि आठवी पैज १२८ ची. त्याच सुमारास बऱ्याचदा टेबलाची कमाल मर्यादा आड येते. १९१३ साली १८ ऑगस्टला माँटे कार्लोमध्ये सलग २६ वेळा काळा आला होता. आता तरी लाल येईलच, असं म्हणत लोक लालवर रक्कम वाढवत गेले आणि बुडाले. आधी काय आलं हे चेंडूला ठाऊक नसतं.

म्हणून कुठला बेट यापेक्षा कुठलं चाक हे आधी बघा. अमेरिकन चाकावर दुहेरी शून्यही असतं, घरं ३८, भाव मात्र तेच, वाटा ५.२६ टक्क्यांवर जातो. त्याच टेबलावर ०, ००, १, २, ३ असा पाच आकड्यांचा बेट असतो. वरच्या भागाकाराने ६.२ यायला हवेत, देतात ६. वाटा ७.८९ टक्के. त्याच्या वाटेला जाऊच नका. काही ठिकाणी तीन शून्यांचं चाकही दिसतं. तिथे बसायचं कशाला?

उलट काही फ्रेंच टेबलांवर ‘ला पार्ताज’ नावाचा नियम असतो. शून्य आलं तर लाल-काळा, सम-विषम आणि १–१८/१९–३६ या बेटांची निम्मी रक्कम परत मिळते आणि कॅसिनोचा वाटा १.३५ टक्क्यांवर येतो. डझन-कॉलमला ही सवलत नाही. नवख्याला माझं उत्तर हेच: एका शून्याचं चाक आणि हा नियम असेल, तर एकास एक भावाचेच बेट लावा. नियम नसेल तर आवडेल तो लावा, फक्त खिशाला चढउतार झेपतील एवढं बघा.

टेबलाची किमान रक्कम विचारून घ्या. इनसाइडमध्ये ती सहसा अनेक आकड्यांत विभागता येते, आउटसाइडच्या प्रत्येक बेटाला मात्र वेगळी पूर्ण लागते. आणि रूलेटच्या रंगीत चिपा फक्त त्याच टेबलावर चालतात, तेव्हा उठण्याआधी डीलरकडून बदलून घ्या.